बाणाच्या टोकावरील औषध

विष आणि औषध हे एकाच घराचे दोन दरवाजे होत. आफ्रिकेतील कोंबे नामक वेलीचा इतिहास या विधानाची साक्ष देतो. झांबेझी नदीच्या परिसरातील शिकारी या वेलीच्या बियांचा लेप बाणांच्या टोकांस लावीत. बाण लागलेले जनावर लवकरच कोसळे. जखमेभोवतालचे मांस कापून टाकून बाकीचे खात असत.

१८५८ साली निघालेल्या डेव्हिड लिव्हिंग्स्टन यांच्या मोहिमेत जॉन कर्क हे वैद्य व वनस्पतिज्ञ होते. ज्या खिशात हे विष थोडेसे सांडले होते, त्याच खिशात त्यांचा दात घासण्याचा ब्रश होता. एकदा दात घासताना तोंडास कडवट चव आली. पडशामुळे त्यांची नाडी तेव्हा जलद चालत होती. ती लागलीच मंदावली!

हा केवळ योगायोग की वनस्पतीचा गुण? याचा उलगडा एडिंबरो येथील थॉमस फ्रेझर यांनी १८७० नंतरच्या काळात केला. त्यांनी बेडकाच्या हृदयावर प्रयोग केले. मेंदू आणि मज्जारज्जू यांवाचूनही विषाचा परिणाम होतो, असे त्यांना आढळले. याचाच अर्थ, ते थेट हृदयाच्या स्नायूवर काम करीत होते. मात्रा वाढताच हृदय आकुंचित अवस्थेतच कायमचे थांबे. परंतु जे द्रव्य स्नायूस इतके आवळते, तेच अत्यल्प प्रमाणात दुर्बळ हृदयास बळ देणार नाही काय? या विचारातूनच १८८५ साली त्यांनी ते वैद्यांपुढे औषध म्हणून मांडले. १९०६ साली स्ट्रासबुर्ग येथे आल्बर्ट फ्रेंकेल यांनी त्यातील स्ट्रोफँथिन रुग्णांच्या शिरेतून दिले.

त्यामागील कारण पुष्कळ उशिरा उमगले. पेशीतून सोडियम बाहेर टाकणारी यंत्रणा १९५७ साली येन्स स्कौ यांनी शोधली. तीच या द्रव्याने अडते. मग स्नायूत कॅल्शियम साचते आणि आकुंचन जोमदार होते. मर्यादा ओलांडली की हृदयाचा ताल बिघडतो.

महाराष्ट्रातील अंगणांत फुलणारी कण्हेर याच कुळातील असून तिच्यातही अशीच द्रव्ये आहेत. म्हणून तिची पाने गुरांपासून आणि मुलांपासून दूरच ठेवावीत. वनस्पती जीव घेईल की वाचवील, हे मात्रा ठरविते. आणि ती मात्रा मोजण्याची पहिली वाट बेडकाच्या इवल्याशा हृदयाने दाखविली.