सामायिक नोंदीचे सुसंगत वाचन : गावदप्तर आणि संगणक-स्मृती

एकच नोंद अनेकांनी वाचावयाची आणि त्याच वेळी कोणी ती बदलावयाची, अशा प्रसंगी वाचकाच्या हाती नेमके काय पडावे? बदल टप्प्याटप्प्याने होतो. मध्येच वाचणाऱ्यास अर्धी जुनी व अर्धी नवी, म्हणजे कधीच अस्तित्वात नसलेली, स्थिती दिसण्याचा संभव असतो. सामायिक स्मृतीच्या वाचनाचा हा प्रश्न संगणकशास्त्राचा मानला जातो. परंतु महसुली दप्तरासही तो अपरिचित नाही.

धाराशिव जिल्ह्यातील बेंबळी हे गाव पूर्वी हैदराबाद राज्यात होते. १९५६ मध्ये ते मुंबई राज्यात व १९६० मध्ये महाराष्ट्रात आले. तेथील जमिनींस १९६६ चा महाराष्ट्र जमीन महसूल अधिनियम लागू आहे. खरेदी, वाटणी वा वारसा यांची खबर तलाठी प्रथम फेरफार नोंदवहीत लिहितो, चावडीवर तिची प्रत लावतो व हितसंबंधितांस नोटीस देतो. कलम १५० अन्वये, प्रमाणित झाल्यावाचून ती नोंद अधिकार अभिलेखात, म्हणजेच सात-बाराच्या उताऱ्यात, उतरत नाही. अपुऱ्या बदलाचे वाचन टाळण्याचा हा एक मार्ग होय.

संगणकशास्त्रात १९७१ मध्ये कूर्त्वा, हेमन्स व पार्नास यांनी 'वाचक-लेखक' प्रश्न मांडला. त्यांच्या उपायात लेखन चालू असता वाचकास थांबावे लागे. लेस्ली लॅम्पोर्ट यांनी १९७७ मध्ये कुलुपाविना मार्ग दाखविला. लेखकाने आरंभी एक आवृत्तिक्रमांक वाढवावा व लेखन संपताच दुसरा त्याच्याशी जुळवावा. वाचकाने उलट क्रमाने, आधी दुसरा क्रमांक, मग मजकूर व शेवटी पहिला क्रमांक वाचावा. दोन्ही जुळल्यास वाचन ग्राह्य. एरवी ते पुन्हा करावे. ही सारी युक्ती क्रियांच्या क्रमावर उभी आहे. यंत्राने तो क्रम राखणे म्हणजे काय, याची व्याख्या लॅम्पोर्ट यांनीच १९७९ मध्ये 'क्रमिक सुसंगती' या कल्पनेने केली.

दोन्ही मार्गांचे मोल निराळे आहे. लॅम्पोर्ट यांच्या वाचकास पुनःपुन्हा वाचण्याचे श्रम पडतात. उतारा वाचणाऱ्यास ते पडत नाहीत, परंतु त्यास मिळणारी स्थिती जुनी असू शकते. जमीन विकली गेली आणि फेरफार प्रलंबित राहिला, तर उतारा विक्रेत्याचेच नाव दाखवितो. त्यात विसंगती कोठेच नसते. तरीही दुसरा खरेदीदार फसू शकतो. कलम १५७ अन्वये नोंद खरी मानली जाते, तीही विरुद्ध सिद्ध होईपर्यंतच. संगणकीकृत उताऱ्यावर प्रलंबित फेरफाराचा उल्लेख येऊ लागला, त्याचे महत्त्व येथे आहे. न जुळणाऱ्या आवृत्तिक्रमांकांप्रमाणे तो वाचकास सांगतो की, नोंद सुसंगत असली तरी लेखन अद्याप संपलेले नाही.