मागचा स्पीकर

लोणावळ्याचा पाऊस माणसांना भजी देतो आणि तबकड्यांना बुरशी. अण्णांची ‘संत तुकाराम’ची डीव्हीडी अडखळायला लागली, तेव्हा चिरंजीवांनी ती पुसूनपासून कॉम्प्युटरवर उतरवली.

“बाबा, आता वायफायवरून टीव्हीवर बघा. पाच स्पीकर, सहावा घुमणारा!”

चहूबाजूंनी टाळ ऐकू येणार म्हणून मी मधोमध खुर्ची टाकली. आवाज फक्त समोरून! मागचे स्पीकर लग्नातल्या रुसलेल्या व्याह्यांसारखे गप्प.

दोष कुणाचाच नव्हता हो. दामले-फत्तेलालांनी प्रभातमध्ये चित्रपट काढला १९३६ साली. तेव्हा आवाजाची वाट एकच. व्हेनिसला १९३७ साली तो गौरवला गेला, तोही त्या एकाच वाटेवर. सहा वाटांचं डॉल्बी डिजिटल चित्रपटगृहांत आलं १९९२ साली. तबकडीत नाही ते फायलीत कुठून येणार?

“मागचे खोटेखोटे वाजवू का?”

“नको रे.”

इंद्रायणी इथूनच, लोणावळ्याजवळून निघते आणि मावळातून देहूला जाते. तिच्यात बुडालेली गाथा तेराव्या दिवशी तरली म्हणतात. आमचीही तबकडी तरली. पागनीस गात होते, छपरावर पाऊस टाळ धरून होता.

मागून गुणगुणायचे ते अण्णा. तेवढं मात्र उतरवून घ्यायचं राहिलं.