वाऱ्याखालचे व्हायोलिन

सुरुवात छापील पुराव्यापासून करू. पिंक फ्लॉइडची ‘विश यू वेअर हिअर’ ही तबकडी ब्रिटनमध्ये १२ सप्टेंबर १९७५ रोजी बाजारात आली. वेष्टनावर बँडच्या चौघांखेरीज सॅक्सोफोन वाजवणाऱ्या डिक पॅरींचे नाव आहे, साथीला गायलेल्या व्हेनेटा फील्ड्स आणि कार्लेना विल्यम्स यांची नावे आहेत. व्हायोलिनवादकाचे नाव कुठेही नाही. हाती एवढाच कागद असता, तर या ध्वनिमुद्रणात व्हायोलिन नव्हतेच, असे कोणीही बिनदिक्कत लिहिले असते.

दुसरे साधन आहे बँडचे ड्रमवादक निक मेसन यांचे २००४ सालचे आत्मकथन, ‘इनसाइड आउट’. लंडनच्या अ‍ॅबे रोड स्टुडिओत बँडचे काम चालू असताना त्याच इमारतीत स्तेफान ग्रापेली आणि यहुदी मेन्युहिन या व्हायोलिनवादकांचेही ध्वनिमुद्रण चालू होते. शीर्षकगीतात व्हायोलिनला जागा आहे असे वाटून बँडने दोघांनाही बोलावले. ग्रापेली वाजवायला तयार झाले. मेन्युहिन यांनी बाजूला उभे राहून ऐकणे पसंत केले.

ही साक्ष घटनेनंतर जवळजवळ तीस वर्षांनी लिहिलेली आहे, म्हणून तिला जोड शोधायला हवी. ती मिळते, आणि तीही बँडच्या आठवणींबाहेर. स्टुडिओ ई.एम.आय. कंपनीच्या मालकीचा होता. हीच कंपनी १९७३पासून ग्रापेली-मेन्युहिन जोडीच्या तबकड्या काढत होती. मेन्युहिन रविशंकरांबरोबरच्या वादनामुळे आपल्याकडेही परिचित होते. ग्रापेली, जन्म १९०८, हे जँगो राइनहार्टबरोबर पॅरिसचे जॅझ गाजवलेले व्हायोलिनवादक. १९७५ साली त्यांचे वय ६७. दोघे त्या इमारतीत असणे हे त्यांच्या नेहमीच्या कामाचाच भाग होते. ग्रापेलींचा मोबदला ३०० पौंड ठरला, असे सांगतात. ही रक्कम आठवणींतून आलेली आहे. तिला ‘सांगतात’ याच खात्यात ठेवू.

मग छापील यादीत नाव का नाही? बँडच्या बाजूने आलेला खुलासा असा, की अंतिम मिश्रणात व्हायोलिन जवळपास ऐकूच येत नव्हते. अशा वेळी नाव छापणे म्हणजे वादकाचा अपमान. खुलासा पटण्याजोगा आहे, पण नाव वगळणाऱ्यांनीच तो दिलेला आहे, हे विसरू नये. आवाज मुळात खाली का केला, याचे उत्तर त्यात नाही. माझा तर्क असा : गाण्याचा शेवट वाऱ्याच्या आवाजात विरतो आणि त्याच वाऱ्यातून पुढची ‘शाइन ऑन यू क्रेझी डायमंड’ची रचना उगवते. तिथे व्हायोलिनचा लांब पल्ला ठेवला असता तर हा सांधा निखळला असता. पण हा तर्कच.

आता मुख्य प्रश्न : ते वादन गेले कुठे? मेसन यांची समजूत होती, की त्यावर दुसरे काहीतरी ध्वनिमुद्रित होऊन ते पुसले गेले. ही समजूत हवेतली नव्हती. बहुपदरी फितीवर प्रत्येक वाद्याला आपला पट्टा असतो; पट्टे मोजकेच, आणि एका पट्ट्यावर नवे घेतले की जुने जाते. पण मिश्रण करताना आवाज खाली ओढणे ही वेगळी क्रिया आहे. त्यात वादन ऐकणाऱ्यापासून लपते. फितीवर मात्र ते शाबूत राहते. ग्रापेलींच्या बाबतीत यातले नेमके काय घडले, हे फीतच सांगू शकत होती.

ती २०११ साली बोलली. त्या नोव्हेंबरमध्ये या तबकडीच्या विस्तारित आवृत्त्या निघाल्या आणि त्यांत ग्रापेलींसह शीर्षकगीत होते. ज्या शेवटाला ३६ वर्षे आपण वारा ऐकत आलो, तिथे व्हायोलिन ऐसपैस फिरते. ग्रापेली मात्र ते ऐकायला नव्हते. १९९७ साली त्यांचे निधन झाले होते.

साक्षीदाराची तपासणी इथे पूर्ण होते. घटना घडली, हे मेसन यांनी बरोबर सांगितले. तिची खूण उरली नाही, ही त्यांची समजूत चुकली. एकाच माणसाच्या एकाच आठवणीचा अर्धा भाग पुरावा ठरला, अर्धा रद्द झाला. याच ध्वनिमुद्रणाच्या काळातली दुसरी प्रसिद्ध घटना शेजारी ठेवून पाहावी. बँडपासून दुरावलेले संस्थापक सिड बॅरेट ५ जून १९७५ रोजी स्टुडिओत आले; अंगाने सुटलेले, डोके आणि भुवया भादरलेले, जुन्या मित्रांनाही ओळखू न येणारे. त्या दिवसाची छायाचित्रे आहेत. तरी ते आले तेव्हा कोणती रचना वाजत होती, यावर साक्षीदारांचे एकमत नाही. तिथे साक्षी भरपूर आणि निकाल धूसर. इथे साक्ष अर्धी चुकलेली आणि निकाल स्वच्छ.

एक कलम शिल्लक आहे. १९७५च्या मूळ तबकडीतही, पाचव्या मिनिटानंतर, वाऱ्याच्या तळाशी व्हायोलिनची पुसट रेघ ऐकू येते असे म्हणतात. मी हेडफोन लावून ती ऐकली आहे. पण २०११चे ध्वनिमुद्रण त्याआधी ऐकलेले असल्याने, या एका मुद्द्यावर माझे कान साक्षीदार म्हणून बाद धरावेत.