झाड तोडायचं, पण कितीला?

बारामतीहून इंदापूरकडे येताना आमचं शेत लागतं. रस्ता रुंद झाला, त्यात आजोबांचा बांधावरचा आंबा गेला. मी सॉफ्टवेअरवाला, एस्टिमेट काढणं रोजचंच; पण झाडाचं कसं काढायचं?

साधारण १७१५च्या आज्ञापत्रात रामचंद्रपंत अमात्य सांगतात: आंबा-फणसाचं लाकूड आरमाराच्या कामाचं, तरी हात लावू नका. ही झाडं वर्षा-दोन वर्षांत होत नाहीत, रयतेनं लेकरांसारखी वाढवलेली असतात. एखादं फारच जीर्ण झालं, तर धन्याला राजी करून, पैसे देऊन मगच तोडा.

सुप्रीम कोर्टाच्या समितीनं झाडाच्या वयाच्या दर वर्षाला ७४,५०० रुपये धरले. म्हणजे शंभर वर्षांचं झाड ७४ लाख ५० हजारांचं!

आजोबांना भरपाई मिळाली. पण ‘राजी आहात का?’ हे कुणी विचारलंच नाही.