आंदोलक, शीघ्रारंभी

बिनतारी उपकरणाची कंप्रता (वारंवारता) ठरवणारे, निद्रावस्थेतून उठताच काही दहा मायक्रोसेकंदांत स्थिर होणारे आणि अगदी थोड्या विजेवर चालणारे इलेक्ट्रॉनिक मंडल. आंदोलक म्हणजेच ऑसिलेटर. मायक्रोसेकंद हा सेकंदाचा दहा लाखावा भाग.

बॅटरीवर चालणारे संवेदक आपले बहुतेक आयुष्य झोपेत घालवतात. जागे व्हायचे, मोजायचे, छोटा संदेश पाठवायचा आणि पुन्हा झोपायचे, असा त्यांचा क्रम असतो. ब्लूटूथच्या कमी ऊर्जेच्या पद्धतीत नेहमीचा जाहिरात-संदेश जास्तीत जास्त ३७६ मायक्रोसेकंदांचा असतो, तर त्याला कंप्रता पुरवणारा साधा क्रिस्टल-आंदोलक स्थिर व्हायलाच एक मिलिसेकंदाच्या आसपास घेतो. म्हणजे बोलण्यापेक्षा घसा साफ करण्यात जास्त वेळ जातो, आणि त्या वेळात खर्चलेली वीज वाया जाते.

नाशिकच्या द्राक्षबागांत हा प्रश्न प्रत्यक्षात पुढे आला. पान किती तास ओले राहिले आणि तेव्हा तापमान किती होते, यावर डाऊनी मिल्ड्यू या रोगाचा धोका ठरतो. ही माहिती वेळेवर मिळाली तर बागायतदाराची एखादी फवारणी वाचते. आयआयटी मुंबईच्या स्पॅन प्रयोगशाळेत यू. बी. देसाई, एस. एन. मर्चंट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००० नंतरच्या दशकात ‘ॲग्रीसेन्स’ हा प्रकल्प हाती घेतला आणि नाशिकच्या सुला द्राक्षमळ्यात बिनतारी संवेदकांचे जाळे उभारले. पानाचा ओलावा आणि बाष्पोत्सर्जन यांचा अंदाज बांधणे हा त्यामागचा हेतू होता. मळ्यातल्या खांबावर विजेची तार पोचत नाही आणि बॅटरी बदलायला माणूस पाठवणे महाग पडते. म्हणून अशा जाळ्यात प्रत्येक मायक्रोज्यूलचा हिशेब ठेवावा लागतो.

आंदोलकाचा गाभा असलेला क्वार्ट्झ म्हणजे आपली गारगोटी. सिन्नरच्या गारगोटी संग्रहालयात दख्खनच्या बेसाल्टमधील पोकळ्यांत वाढलेली खनिजे पाहायला मिळतात. आंदोलकासाठी मात्र दाबपात्रात कृत्रिमरीत्या वाढवलेला शुद्ध स्फटिक वापरतात. स्फटिकावर दाब दिल्यास विद्युत्‌भार निर्माण होतो, हे प्येर आणि झाक क्युरी या बंधूंनी १८८० मध्ये दाखवले. उलट बाजूने, वीज दिली की स्फटिक थरथरतो. त्याच्या कापाच्या जाडीवर थरथरण्याची कंप्रता ठरते. १९२० च्या दशकाच्या आरंभी वॉल्टर केडी यांनी क्वार्ट्झचा आंदोलक बनवला. जी. डब्ल्यू. पिअर्स यांनी त्याची रचना सोपी केली आणि आजच्या चिपांमध्ये बहुतेक ठिकाणी तीच आढळते.

क्वार्ट्झची अचूकता आणि त्याचा मंदपणा यांचे मूळ एकच आहे. स्फटिकात ऊर्जेची गळती फार कमी असते, त्यामुळे कंप्रता हलत नाही. पण ऊर्जा जशी हळू बाहेर पडते, तशीच ती आतही हळू शिरते. २४ मेगाहर्ट्‌झच्या नेहमीच्या स्फटिकाचे विद्युत्‌प्रतिरूप मांडले, तर त्यात ९ मिलिहेन्रीच्या आसपास प्रवर्तकत्व आणि काही दहा ओहम रोध येतो. आंदोलकातला प्रवर्धक (ॲम्प्लिफायर) या रोधाच्या उलट वागणारा ऋण रोध पुरवतो. समजा स्फटिकाचा रोध वजा जाऊन २०० ओहम ऋण रोध शिल्लक राहिला. प्रवर्तकत्वाची दुप्पट भागिले २०० ओहम, म्हणजे सुमारे ९० मायक्रोसेकंदांत दोलनाचा विस्तार २.७ पट होतो. सुरुवात औष्णिक गोंगाटाच्या क्षीण थरथरीतून होते. तिथून लाखपट व्हायला असे साडेअकरा टप्पे लागतात, आणि एक मिलिसेकंद होतो तो असा.

सरळ उपाय म्हणजे आरंभापुरता प्रवर्धकाचा जोर वाढवून ऋण रोध मोठा करणे आणि दोलन स्थिरावल्यावर प्रवाह उतरवणे. याला स्फटिकाच्या दोन पत्र्यांमधील धारित्र मर्यादा घालते. ठराविक बिंदूनंतर प्रवाह कितीही वाढवला तरी ऋण रोध वाढत नाही.

दुसरा उपाय अधिक रंजक आहे. चिपवरच एक साधा आरसी (रोध-धारित्र) किंवा वलय-आंदोलक असतो. तो लगेच सुरू होतो, पण अचूक नसतो. त्याचे स्पंद स्फटिकाला देऊन ऊर्जा आत ढकलायची. पंचमीच्या झोक्याला वेळेवर धक्का दिला तर तो चढतो, अवेळी दिला तर अडतो. इथेही तसेच घडते. कंप्रतेत अर्ध्या टक्क्याची चूक असेल, तर २४ मेगाहर्ट्‌झवर ती १२० किलोहर्ट्‌झ होते. मग साधारण ४ मायक्रोसेकंदांनंतर पुढचे धक्के आधी साठवलेली ऊर्जाच काढून घेऊ लागतात. यावर अभियंत्यांनी वेगवेगळ्या वाटा काढल्या आहेत. कोणी आरसीची कंप्रता खालून वर सरकवत नेतात, म्हणजे कुठेतरी ती स्फटिकाशी जुळतेच. कोणी ती मुद्दाम डळमळती ठेवतात. कोणी अगदी थोडा, मोजका काळ धक्के देऊन थांबतात आणि पुढचे काम प्रवर्धकावर सोपवतात.

मात्र शीघ्रारंभाचा लाभ सर्वत्र सारखा नाही. पंधरा मिनिटांतून एकदाच जागा होणारा संवेदक घ्या. झोपेत एक मायक्रोॲम्पिअर आणि तीन व्होल्ट या हिशेबाने तो त्या अवधीत २.७ मिलिज्यूल खर्च करतो. एक मिलिवॉटवर एक मिलिसेकंद चाललेल्या आरंभाचा खर्च फक्त एक मायक्रोज्यूल, म्हणजे त्याच्या जवळपास तीन हजारावा भाग. इथे झोपेतला प्रवाह कमी करणे हेच शहाणपण. पण एका खांबाचा निरोप दुसऱ्या खांबाने पुढे नेण्याचे जाळे असेल, तर शेजारी बोलतो आहे का हे पाहण्यासाठी संवेदक सेकंदाला आठ वेळा उठू शकतो. मग पंधरा मिनिटांत ७,२०० आरंभ होतात आणि केवळ त्यांवर ७.२ मिलिज्यूल जातात, म्हणजे झोपेच्या अडीचपटीहून अधिक. आरंभ ५० मायक्रोसेकंदांवर आणला, तर हाच खर्च ०.३६ मिलिज्यूल होतो. मळ्यातल्या जाळ्याची बॅटरी किती टिकेल हे अशा आकड्यांवर ठरते.

तापमानाची अडचण मळ्यात वेगळीच जाणवते. क्वार्ट्झची कंप्रता तापमानानुसार दशलक्षांत काही भागच सरकते, पण आरसी आंदोलक त्यापेक्षा कितीतरी जास्त हलतो. म्हणून स्फटिक चालू असताना आरसीची कंप्रता त्याच्याशी ताडून पाहतात आणि तो आकडा पुढच्या आरंभासाठी जपून ठेवतात. नाशिक जिल्ह्यातल्या निफाडमध्ये जानेवारीच्या पहाटे कधी कधी पारा पाच अंशांच्या खाली उतरतो आणि त्याच दिवशी उन्हातला संवेदकाचा डबा चांगलाच तापतो. पहाटेचा आकडा दुपारी चालत नाही. मोजणी दर काही मिनिटांनी पुन्हा करावी लागते.