सायकलींची पंगत

सोलापूरला गिरणीचा भोंगा झाला की आमच्या गल्लीच्या तोंडाशी सायकली जमायच्या. अब्बा रात्रपाळीला जायचे तेव्हा दहा-बाराजणांच्या त्या घोळक्यात डायनामो एकाच सायकलला होता, शेजारच्या अण्णांच्या. त्यामुळे अण्णांना उशीर झाला की सगळा घोळका खोळंबायचा. अब्बा एक पाय पायडलवर आणि एक जमिनीवर ठेवून हाक मारायचे, ‘अण्णा निघाले काय?’ मग त्या एका दिव्याच्या उजेडात सगळे रांगेनं निघायचे.

या घोळक्याला ‘क्लब’ म्हणायचं कुणाच्या मनातही आलं नसतं. क्लब म्हणजे साहेब लोकांचं काम. पण सायकलवाल्यांनी एकत्र निघायची रीत कुठून आली हे वाचायला बसलो, तेव्हा लक्षात आलं की तिचं मूळही असंच साधं आहे. एकट्यानं जायची भीती, दुसरं काय!

१८७० साली लंडनमध्ये ‘पिकविक बायसिकल क्लब’ निघाला. चार्ल्स डिकन्स त्याच महिन्यात वारला होता, म्हणून त्याच्या कादंबरीचं नाव. त्या काळची सायकल म्हणजे पुढचं चाक माणसाच्या छातीपर्यंत आणि मागचं खेळण्याएवढं. रस्ते दगडगोट्यांचे. चाक अडखळलं की स्वार डोक्यावर आपटायचा. वर कुत्री मागं लागायची, घोडागाड्यांचे हाकणारे चाबूक उगारायचे. अशा वेळी सोबत असणं ही चैन नव्हे, गरजच होती. पण माणसं जमली की थाट आलाच. गणवेश आला, बिल्ले आले, पुढे चालणारा कॅप्टन आला. चढा, उतरा, एका रांगेत या, हे सांगायला बिगूल आला. पलटणच म्हणा ना.

१८७८मध्ये हॅरोगेट इथे ‘बायसिकल टूरिंग क्लब’ स्थापन झाला; पुढे त्याचं नाव ‘सायकलिस्ट्स टूरिंग क्लब’ पडलं. या मंडळींनी खरोखर उपयोगाची कामं केली. कुठल्या खाणावळीत सायकलवाल्याला वाजवी दरात जेवण-बिछाना मिळेल ते ठरवून दिलं, धोक्याच्या उतारांवर सूचनांच्या पाट्या लावल्या. रस्त्यावर मोटारी यायच्या आधीची ही गोष्ट आहे, हे आपण विसरतो. १८९९च्या सुमारास या क्लबचे सभासद साठ हजारांवर गेले होते.

दोन शोधांनी हे घडवलं. १८८५ची दोन सारख्या चाकांची ‘रोव्हर’ आणि १८८८चा डनलॉपचा हवेचा टायर. सायकल बुटकी झाली, मऊ झाली, हळूहळू स्वस्तही झाली. आता तिच्यावर कुणीही बसू शकत होतं. आणि इथूनच खरी पंचाईत सुरू झाली. आपल्याकडे पंगत म्हटली की पहिला प्रश्न ‘किती पानं’ हा नसतो, ‘कुणाशेजारी कोण’ हा असतो. सायकलींच्या पंगतीतही तोच प्रश्न उभा राहिला.

पहिला प्रश्न बायकांचा. लेडी हार्बर्टन नावाच्या बाई घोळदार झग्याऐवजी ढगळ विजार घालून सायकल चालवत. १८९८मध्ये सरे परगण्यातल्या ओकम गावी एका हॉटेलात त्या जेवायला थांबल्या. मालकिणीनं त्यांना कॉफीच्या खोलीत घ्यायला नकार दिला आणि दारूच्या बारशेजारची खोली दाखवली. टूरिंग क्लबनं आपल्या सभासद बाईसाठी हा वाद कोर्टात नेला आणि १८९९मध्ये तो हरला. बाईंना जागा तर देऊ केली होती, असं ठरलं. कुठली जागा, हे कायद्याच्या दृष्टीनं गौण! तरी बाईंसाठी क्लब कोर्टाची पायरी चढला, ही गोष्ट लहान नाही.

अमेरिकेत मात्र क्लबनंच दार लावून घेतलं. ‘लीग ऑफ अमेरिकन व्हीलमेन’ ही संस्था १८८०मध्ये न्यूपोर्टला सुरू झाली. चांगल्या रस्त्यांसाठी तिनं मोठी चळवळ केली. तिकडचे मोटारवाले आज ज्या रस्त्यांवरून जातात त्यांचं थोडं श्रेय या सायकलवाल्यांचं आहे. याच संस्थेनं फेब्रुवारी १८९४मध्ये लुईव्हिलच्या सभेत घटनेत एक शब्द घातला. सभासद ‘गोरा’ असावा. १२७ विरुद्ध ५४ मतं. आधीच्या सभांत हा ठराव पडला होता. या वेळी तो नेटानं पास करून घेतला. मला त्या विरोधात पडलेल्या ५४ मतांचं फार कुतूहल आहे. ती माणसं घरी गेल्यावर काय बोलली असतील?

बॉस्टनमध्ये किटी नॉक्स नावाची तरुणी होती. वडील कृष्णवर्णीय, आई गोरी. शिवणकाम करून पोट भरायची. स्वतः शिवलेला पोशाख घालून ती सफाईनं सायकल चालवायची. लीगची ती १८९३पासून सभासद होती, म्हणजे तो शब्द घटनेत येण्याआधीपासून. जुलै १८९५मध्ये लीगचा वार्षिक मेळावा न्यू जर्सीतल्या अॅस्बरी पार्कला भरला, तिथे ही गेली. तिच्या सभासदत्वावरून गदारोळ झाला. तिला अडवलं, नाही अडवलं, यावर त्या वेळच्या वर्तमानपत्रांचं एकमत नाही. पण बातमी देशभर छापून आली. शेवटी लीगला कबूल करावं लागलं की नियम मागच्या तारखेपासून लागू होत नाही, बाई सभासद आहेत. १९००मध्ये ती तरुणपणीच गेली. तिच्या कबरीवर नावाचा दगड बसला तो २०१३मध्ये. आणि लीगनं त्या जुन्या बंदीचा औपचारिक धिक्कार केला १९९९मध्ये. त्याआधी शंभर वर्षं, १८९९मध्ये, मेजर टेलर हा कृष्णवर्णीय सायकलपटू माँट्रियलला जगज्जेता झाला होता. जगातला सगळ्यात वेगवान स्वार, आणि देशातल्या सगळ्यात मोठ्या सायकल-संस्थेची घटना त्याला सभासद म्हणून नाकारत होती.

आता गंमत पाहा. ज्या महिन्यात लुईव्हिलला तो शब्द घटनेत शिरला, त्याच फेब्रुवारी १८९४मध्ये समुद्रापलीकडे बर्मिंगहॅमला सहाजण एकत्र जमले. टॉम ग्रूम हा त्यांच्यातला पुढारी. ही समाजवादी विचारांची माणसं. सायकलीनं फिरावं आणि जाताजाता आपले विचार सांगावेत, असा बेत. रॉबर्ट ब्लॅचफर्डचं ‘क्लॅरियन’ हे साप्ताहिक ही मंडळी आवडीनं वाचत, म्हणून नाव पडलं ‘क्लॅरियन सायकलिंग क्लब’. पुढच्या वर्षी ईस्टरला वेगवेगळ्या गावांचे क्लब अॅशबोर्नला जमले आणि राष्ट्रीय संस्था झाली.

आठवडाभर धुराड्याखाली राबायचं आणि रविवारी सायकल काढून हिरवळ गाठायची, ही त्यांची रीत. पिशवीत भाकरतुकडा आणि पत्रकं. एखाद्या गावाच्या चौकात उभं राहून भाषण ठोकायचं. दोन क्लॅरियनवाले रस्त्यात भेटले की एकानं ओरडायचं ‘बूट्स!’, दुसऱ्यानं उत्तर द्यायचं ‘स्पर्स!’. सैन्यासारखा बिगूल नाही, तर ही थट्टा. बायकाही त्यात होत्या. पुढे मताच्या हक्कासाठी तुरुंगात गेलेल्या पँकहर्स्ट भगिनी, ख्रिस्ताबेल आणि सिल्व्हिया, मँचेस्टरच्या क्लॅरियन क्लबबरोबर फिरत. लुईव्हिल आणि बर्मिंगहॅम. सायकल तीच, टायर तेच. फरक फक्त दार कोण उघडं ठेवतं याचा.

जर्मनीत १८९६मध्ये कामगारांचा ‘सॉलिडारिटेट’ नावाचा सायकल-संघ निघाला. दोन महायुद्धांच्या मधल्या काळात तो लाखोंच्या घरात गेला. १९३३मध्ये नाझी सत्तेवर आले आणि त्यांनी त्यावर बंदी घातली. सायकलवाल्यांना भिणारं सरकार! हसू येतं, पण जे स्वतःहून एकत्र येतात त्यांचीच अशा सरकारांना धास्ती असते.

आपल्याकडची गोष्ट एका व्यायामशाळेची आहे. ‘बॉम्बे वेटलिफ्टिंग क्लब’च्या सहा पारशी तरुणांनी १५ ऑक्टोबर १९२३ला मुंबईहून सायकली काढल्या त्या पृथ्वीप्रदक्षिणेला. इराण, इराकचं वाळवंट, युरोप, अमेरिका, जपान, चीन. वाटेत तिघे एकेक करून वेगळे झाले. अदी हकीम, जाल बापासोला आणि रुस्तम भुमगरा हे तिघे मार्च १९२८मध्ये सुमारे ७१ हजार किलोमीटर तुडवून घरी परतले. त्यांच्या ‘विथ सायकलिस्ट्स अराउंड द वर्ल्ड’ या पुस्तकाला जवाहरलाल नेहरूंची प्रस्तावना आहे. मराठी मुलांना मार्को पोलो ठाऊक असतो, ही तीन नावं मात्र ठाऊक नसतात. मलाही चाळिशी उलटल्यावर कळली, हे कबूल करतो.

अलीकडची एक गोष्ट सांगून थांबतो. सप्टेंबर १९९२मध्ये सॅन फ्रान्सिस्कोत पन्नासएक सायकलवाले संध्याकाळी एकत्र घरी निघाले. मोटारींच्या गर्दीत एकेकट्याला कुणी विचारत नाही, म्हणून एकत्र. पुढे दर महिन्याच्या शेवटच्या शुक्रवारी निघायचं ठरलं आणि ही रीत जगभरच्या शहरांत गेली. तिचं नाव ‘क्रिटिकल मास’. ते नाव सायकलींवरच्या एका माहितीपटातून आलं. त्यात चीनमधल्या चौकांचं वर्णन होतं. सिग्नल नसलेल्या चौकात सायकलवाले थांबतात, मागून आणखी येतात, पुरेसे जमले की मोटारींना अडवून सगळे एकदम पार होतात. या क्रिटिकल मासला अध्यक्ष नाही, घटना नाही, सभासदत्वाचा अर्जही नाही. ज्याच्याकडे सायकल आहे त्यानं शुक्रवारी यायचं.

अण्णांचा डायनामो एकदा बिघडला होता. त्या रात्री सगळ्यांनी सायकली हातात धरल्या आणि गिरणीपर्यंत गप्पा मारत पायी गेले. पाळीला उशीर झाला, अर्ध्या दिवसाचा पगार कापला गेला. सकाळी घरी येऊन अब्बांनी ते अम्मीला हसत हसत सांगितलं होतं.