रुग्णाचा राग येतो तेव्हा

जून १९०९. कार्ल युंग यांनी झुरिकहून फ्रॉइड यांना एक कबुलीवजा पत्र लिहिलं. साबिना श्पीलराइन ही त्यांची पूर्वीची रुग्ण, आता वैद्यकीय विद्यार्थिनी. तिच्यात ते नको तितके गुंतले होते. फ्रॉइडनी समजुतीचं उत्तर धाडलं: माझ्यावरही अशी वेळ येता येता राहिली आहे. ‘काउंटरट्रान्सफरन्स’ हा शब्द आपल्याला पहिल्यांदा भेटतो तो याच पत्रात. रुग्ण आपल्या जुन्या नात्यांतल्या भावना डॉक्टरवर घालतो, ते ट्रान्सफरन्स. त्याच्या उत्तरादाखल डॉक्टरच्या मनात जे उसळतं, ते काउंटरट्रान्सफरन्स. श्पीलराइननेही त्याच दिवसांत फ्रॉइडकडे भेट मागितली होती. ती त्यांनी टाळली.

पुढच्या वर्षी फ्रॉइडनी जाहीरपणे बजावलं की विश्लेषकाने हे स्वतःमध्ये ओळखावं आणि त्यावर मात करावी. म्हणजे ते एक व्यंगच ठरलं, आणि व्यंग कोण उघड सांगतो? पुढची काही दशकं त्याबद्दल बोलणं कमी आणि लपवणं जास्त झालं.

ही कोंडी फोडली लंडनच्या डोनाल्ड विनिकॉट यांनी. १९४७ साली वाचलेल्या आणि १९४९ मध्ये छापून आलेल्या त्यांच्या निबंधाचा विषयच होता डॉक्टरच्या मनातला द्वेष. त्यात युद्धकाळातल्या एका नऊ वर्षांच्या मुलाची हकिकत आहे. सतत घरातून पळून जाणारा हा मुलगा तीन महिने विनिकॉट दांपत्याकडे राहिला. तो अनावर झाला की विनिकॉट त्याला उचलून दाराबाहेर ठेवत. घंटा वाजवली की आत घेत आणि झाल्या प्रकाराबद्दल अवाक्षर काढत नसत. पण बाहेर ठेवताना दरवेळी त्याला सांगत, की तू जे केलंस त्यामुळे मला तुझा द्वेष वाटतोय. आज वाचताना अंगावर येतं. पण ते न सांगता तो मुलगा आपल्याला सहन झाला नसता, असं विनिकॉट प्रामाणिकपणे लिहितात. १९५० मध्ये पॉला हायमन आणखी पुढे गेल्या. डॉक्टरची भावना हा अडथळा नसून रुग्णाचं मन समजून घेण्याचं साधन आहे, असं त्यांनी मांडलं.

साधन म्हटलं की मोजमाप आलंच.

२००५ मध्ये एफी बेटन, ड्रू वेस्टन आणि सहकाऱ्यांनी अमेरिकेतल्या १८१ मनोविकारतज्ज्ञ आणि मानसशास्त्रज्ञांना ७९ विधानांची प्रश्नावली दिली. एका रुग्णाबद्दल आपल्याला काय काय वाटतं, त्याला प्रत्येकाने गुण द्यायचे. उत्तरांतून आठ गट निघाले: भांबावून जाणं, हतबल वाटणं, आपलाच अपमान होतोय असं वाटणं, अलिप्त होणं, लैंगिक ओढ, आईबापासारखी माया, गरजेपेक्षा जास्त गुंतणं आणि साधी आपुलकी. व्यक्तिमत्त्व विकारांशी या भावनांची जोडी बऱ्यापैकी जमत होती. नाट्यमय, अस्थिर स्वभावाच्या, म्हणजे बॉर्डरलाइनसारख्या रुग्णांपुढे डॉक्टर भांबावत होते. भित्र्या, परावलंबी रुग्णांबद्दल माया दाटत होती. आत्मप्रेमी रुग्णांपुढे राग, कंटाळा आणि उपचार थांबवावेत अशी इच्छा. उपचारपद्धती कुठलीही असो, चित्र फारसं बदलत नव्हतं.

माझ्या मते हा निष्कर्ष मोलाचा आहे. चिडचिड झाली म्हणून स्वतःला नालायक समजणाऱ्या थेरपिस्टला त्याने बोलायची सोय दिली. पण त्याच्या शेजारी १९८८ चा एक ब्रिटिश अभ्यास ठेवून पाहावा. ग्लिन लुईस आणि लुई ॲपलबी यांनी मनोविकारतज्ज्ञांना एका निराश माणसाची कागदावरची केस वाचायला दिली. काही प्रतींमध्ये एवढीच भर होती, की याला पूर्वी ‘व्यक्तिमत्त्व विकार’ असं निदान मिळालं आहे. तेवढ्याने तो माणूस त्रासदायक, लक्ष वेधून घेणारा, मदतीला कमी पात्र ठरला. समोर रुग्णच नव्हता. मग तो वैताग आला कुठून?

२००५ च्या अभ्यासात रुग्णाच्या स्वभावाला आणि स्वतःच्या भावनांना गुण देणारा माणूस एकच होता. आधीच वैतागलेल्या डॉक्टरला रुग्ण जास्त बिघडलेला दिसला असेल का, हे त्या आकड्यांवरून कळायला मार्ग नाही. २०१४ मध्ये इटलीत २०३ थेरपिस्टांवर असंच काम झालं, रुग्णाचा स्वभाव नोंदवण्यासाठी जास्त बारकाईचं साधन वापरून. तेही थेरपिस्टनेच भरलं.